बाजाररस्ता आणि पायी चालणारा

पाठाचा हेतू : बाजाररस्त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा आहे, ही जाणीव इयत्ता चौथी व पाचवीच्या विद्यार्थ्यांस करून देणे, तसेच नित्याच्या रस्त्याची डोळसपणे पाहणी करण्यास त्यांस शिकविणे.

विषयविवेचन : अमरावतीच्या परकोटाच्या बांधकामास निजामाच्या राजवटीत १८०७ साली आरंभ झाला. पेंढाऱ्यांपासून सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे, हा त्याचा उद्देश होता. सुमारे सव्वादोन मैल घेराच्या त्या दगडी तटास पाच दरवाजे व चार खिडक्या होत्या. अकोल्यासही मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर असदगडाच्या आश्रयाने जुने शहर वाढले. या जुन्या वस्त्यांतील रस्ते माणसांच्या पावलांस व बैलगाड्यांस पुरतील, अशा बेताचे होते. आज त्याच रुंदीत मोटारी, दुचाकी, ऑटोरिक्षा व हातगाड्या यांस वाट काढावी लागते. जवाहर गेटपाशी काय किंवा अकोल्याच्या टिळक रोडवर काय, गर्दीच्या वेळी सर्वांत अधिक अंग चोरावे लागते ते पायी चालणाऱ्यास.

पदपथ नुसता असून भागत नाही. तो अखंड असावा लागतो. मध्येच दुकानाची पायरी पुढे येते, कोठे विजेचा खांब असतो, तर कोठे दुचाकी उभी असते. धडधाकट माणूस खाली उतरून पुढे जातो. परंतु लहान मूल, वृद्ध आजी, अंध व्यक्ती किंवा चाकांच्या खुर्चीवरील मनुष्य यांनी काय करावे? भारतीय रस्ते काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेनुसार पदपथावर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. बाजारपेठेत ती २.५ मीटर असावी. पदपथाची उंचीही १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. उंच पदपथावर चढणे अवघड झाले, की लोक रस्त्यावरूनच चालू लागतात.

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट अगत्याची आहे. ती म्हणजे सावली. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी कडुनिंबाची रांग, दुकानापुढील पडवी, पाण्याची पाणपोई व बसावयास एखादा ओटा यांमुळेच दुपारचा रस्ता चालण्याजोगा होतो.

फेरीवाल्यांस हुसकावून लावणे हा यावरील उपाय नव्हे. २०१४ च्या कायद्याने त्यांच्या उपजीविकेस संरक्षण दिले असून त्यांच्यासाठी जागा नेमून देण्याची तरतूद केली आहे. जागा नेमलेली असली, म्हणजे विक्रेता व चालणारा या दोघांचीही सोय होते.

वाहने बंद केल्यास धंदा बसेल, अशी भीती व्यापाऱ्यांस वाटते. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातही १९६२ साली मुख्य बाजाररस्ता केवळ पादचाऱ्यांसाठी राखला गेला, तेव्हा हीच भीती बोलून दाखविण्यात आली होती. पुढे तो रस्ता त्या शहरातील गजबजलेली पेठ ठरला. पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याच्या काही भागात वाहनबंदी करून पादचारी दिन पाळण्यात आला. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित पदपथाचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. तेव्हा पदपथ मागणे म्हणजे कोणाची मेहरबानी मागणे नव्हे.

कृती : शिक्षकांनी विद्यार्थ्यांचे लहान गट करून, पालकांच्या सोबतीने, शाळेजवळच्या एखाद्या रस्त्याची पाहणी करावी. पुढील नोंदी वहीत कराव्यात :
१. शंभर पावलांत पदपथ किती वेळा सोडावा लागला? कोणत्या अडथळ्यामुळे?
२. टेपने मोजता मोकळी रुंदी किती भरली?
३. शंभरापैकी किती पावले सावलीत पडली?
४. रस्ता ओलांडण्याचे पांढरे पट्टे कोठे आहेत? तेथे वाहने थांबतात काय?
नंतर वर्गात नकाशा काढून अडथळे तांबड्या व सावली हिरव्या रंगाने दाखवावी. आपल्या ग्रामपंचायतीस, नगरपरिषदेस किंवा महानगरपालिकेस उद्देशून विद्यार्थ्यांनी नम्र भाषेत पत्र लिहावे.

प्रश्न :
१. पदपथ अखंड का असावा?
२. आपल्या घरातील कोणती वस्तू किंवा वाहन दुसऱ्याची वाट अडविते?

समारोप : अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावोगावचे रस्ते झाडले. रस्ता सर्वांचा, म्हणून त्याची काळजीही सर्वांची, हाच त्या खराट्याचा बोध होय. ज्या रस्त्याने चौथीतील मूल निर्धास्तपणे शाळेत जाऊ शकते, तो रस्ता सर्वांनाच चालण्याजोगा असतो.