दूरध्वनीवरून मतदारसंपर्क

निवडणूक प्रचाराच्या विविध मार्गांपैकी सभा आणि मिरवणुका सर्वांच्या नजरेत भरतात. परंतु अमेरिकेत प्रचाराचे बरेचसे काम बंद खोलीत, कोणाच्याही दृष्टीस न पडता चालते. दिवसभराचा कामधंदा आटोपून आलेले स्त्रीपुरुष, विद्यार्थी आणि सेवानिवृत्त नागरिक संध्याकाळी पक्षाच्या कार्यालयात जमतात व हाती दिलेल्या यादीतील मतदारांना एकामागून एक दूरध्वनी करतात. या कामाचे त्यांना वेतन मिळत नाही. २००८ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत बराक ओबामा यांच्या प्रचारयंत्रणेने संगणकाच्या साहाय्याने अशा याद्या स्वयंसेवकांना घरबसल्या उपलब्ध करून दिल्या, आणि तेव्हापासून हे काम घरून करण्याची पद्धत रूढ झाली.

कामाचे साधारणपणे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात मतदाराचा कल जाणून घ्यायचा असतो. समर्थक, विरोधक, अनिश्चित, चुकीचा क्रमांक, उत्तर नाही अशी प्रत्येक दूरध्वनीची नोंद केली जाते. दुसरा टप्पा मतदानाच्या आधीच्या दिवसांत येतो. त्या वेळी मन वळविण्याचा प्रयत्न बाजूला पडतो आणि समर्थक म्हणून नोंद झालेला मतदार मतदान केंद्रापर्यंत जाईल एवढेच पाहिले जाते. स्वयंसेवकापुढे लेखी मजकूर असतो. परंतु तो केवळ वाचून दाखवावा, अशी अपेक्षा नसते.

या श्रमांचे फळ किती, हा प्रश्न बराच काळ अंदाजावर सोडलेला होता. १९९८ साली येल विद्यापीठातील ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरातील सुमारे ३०,००० नोंदणीकृत मतदारांवर एक प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून करावी तशी मतदारांची विभागणी करून काहींची घरी जाऊन भेट घेण्यात आली, काहींना पत्रे पाठविली गेली, तर काहींना दूरध्वनी करण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष प्रचारकांना अस्वस्थ करणारे होते. प्रत्यक्ष भेटीने मतदान लक्षणीय वाढले, पत्रांनी अल्पसे वाढले आणि दूरध्वनीने मुळीच वाढले नाही. मात्र हे दूरध्वनी व्यावसायिक संस्थेच्या पगारी माणसांनी केले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पुढे डेव्हिड निकरसन यांनी स्वयंसेवकांच्या दूरध्वनींवरील आठ प्रयोग अभ्यासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार ज्यांच्याशी खरोखर बोलणे झाले, अशा दर शंभर मतदारांमागे सुमारे चार जादा मते पडली. हा फरक वेतनामुळे पडला की बोलण्याच्या रीतीमुळे? त्यांच्या पुढील अभ्यासातून असे दिसले की, पगारी माणसेही सावकाश, मोकळेपणाने आणि ऐकणाऱ्याला बोलू देऊन संवाद साधू लागली तर परिणाम होतो. अर्थात केवळ स्वयंसेवक असणे पुरेसे नाही. घाईघाईने मजकूर उरकणाऱ्या स्वयंसेवकाचा दूरध्वनीही वाया जाऊ शकतो.

काय विचारावे, यालाही महत्त्व आहे. २००८ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील प्राथमिक निवडणुकीच्या वेळी निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी काही मतदारांना तीन साधे प्रश्न विचारविले : मतदानाला किती वाजता जाल, कोठून जाल आणि त्यापूर्वी काय करीत असाल? अशा मतदारांत मतदान वाढले, आणि हा परिणाम मुख्यतः ज्या घरात एकच मतदार होता तेथे आढळला. जेथे अनेक मतदार एकत्र राहतात तेथे असे बेत आपापसांतील बोलण्यात आधीच ठरत असावेत. एकट्या माणसाला मात्र असे विचारणारे कोणी नसते.

शेकडा चार हे प्रमाण क्षुल्लक वाटेल. परंतु २००० साली फ्लॉरिडा राज्याचा, आणि त्यायोगे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा, निर्णय अवघ्या ५३७ मतांनी लागला. वरील प्रमाण धरल्यास तेवढी मते मिळविण्यासाठी समर्थकांशी सुमारे साडेतेरा हजार संभाषणे पुरली असती.

भारतात हे साधन दोन्ही रूपांत वापरले गेले आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित संदेश असंख्य मतदारांना दूरध्वनीवर ऐकू आला. २०१३ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत आम आदमी पक्षाच्या परदेशस्थ समर्थकांनी दिल्लीतील मतदारांशी स्वतः दूरध्वनीवरून संपर्क साधला. ध्वनिमुद्रणाला प्रश्न विचारता येत नाही, माणसाला येतो. त्यांतील पहिला प्रश्न बहुधा असा असतो : “माझा क्रमांक तुम्हाला कोठून मिळाला?” प्रसिद्ध होणाऱ्या मतदारयादीत दूरध्वनी क्रमांक नसतो, म्हणून हा प्रश्न रास्तच ठरतो. त्याला खरे उत्तर देण्याची तयारी स्वयंसेवकाने ठेवली पाहिजे. समोरच्याने नकार दिल्यास त्याची नोंद करून पुन्हा त्रास न देणे, हेही त्याच्या कर्तव्यात मोडते.

प्रचाराच्या संयोजकांना तासाभरात किती क्रमांक फिरविले याचा हिशेब ठेवणे सोपे जाते; किती जणांचे म्हणणे ऐकून घेतले, याचा हिशेब ठेवणे कठीण. आकडा वाढविण्याच्या हव्यासात संभाषण आखडते आणि ज्या गुणामुळे स्वयंसेवकाचा दूरध्वनी उपयोगी ठरतो तोच गुण नाहीसा होतो. म्हणून स्वयंसेवकांना शिकविताना मजकुराइतकेच थांबण्यालाही महत्त्व दिले पाहिजे : प्रश्न विचारावा, थांबावे, आणि उत्तर पुरते ऐकून मगच पुढे बोलावे.