वार्धक्यातील कुपोषण : कारणे आणि ओळख

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बालक येते. अंगणवाडीत त्याचे वजन होते व त्याची नोंद राहते. त्याच घरातील आजीचे वजन मात्र सहसा कोणास ठाऊक नसते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षे व त्यावरील व्यक्ती सुमारे १ कोटी ११ लाख होत्या. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या वार्धक्यविषयक पाहणीत या वयोगटातील सुमारे २७ टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले. ‘वय झाले, अंग उतरणारच’ असे समजून या गोष्टीकडे दुर्लक्ष होते.

धान्य आहे, आहार नाही

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्याची तरतूद केली आहे. तथापि, वृद्धांच्या ताटात उणीव असते ती प्रामुख्याने डाळी, दूध व भाजीपाला यांची. ५० किलो वजनाच्या व्यक्तीस दररोज सुमारे ४० ग्रॅम प्रथिने लागतात. चहा, भाकरी आणि पातळ आमटीवर ही गरज भागत नाही व स्नायू झिजू लागतात.

कारणांची साखळी

दात पडले की शेंगदाणे, कडधान्ये व जाड भाकरी सुटते. जिभेची चव मंदावते, काही औषधांनी भूक मरते. मधुमेह वा रक्तदाब असल्यास ऐकीव पथ्यांमुळे ताटातील पदार्थ आणखी कमी होतात. त्यात उपासांची भर पडते.

सामाजिक कारणेही तितकीच प्रबळ आहेत. मुले कामासाठी शहरात गेली की एकट्या व्यक्तीस स्वतःपुरती चूल पेटवण्याचा कंटाळा येतो. जोडीदाराच्या निधनानंतर जेवणावरील वासना उडते. सर्वांच्या मागून जेवण्याची सवय असलेली वृद्धा उरलेल्यावर भागवते आणि मागून घेण्याचा संकोच करते. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर न उमटल्याने काहींना रेशन दुकानातून परतावे लागते.

ओळख कशी पटवावी?

यासाठी वजनकाटा व मोजपट्टी पुरेशी आहे. गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झाले आहे काय? वजन तीन किलोंहून अधिक घटले आहे काय? पायास सूज नसताना पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरहून कमी आहे काय? १५० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ४२ किलोंच्या खाली गेल्यास ते कमी समजावे. कारणाशिवाय वजन घटत असेल, तर क्षयरोगासारखा आजारही असू शकतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी अवश्य करावी.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

प्रत्येक गावाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. आशा सेविकेच्या साहाय्याने दर तीन महिन्यांनी त्यांचे वजन घ्यावे. श्रावणबाळ व संजय गांधी निराधार योजनांस पात्र असलेल्यांचे अर्ज भरून द्यावेत. ज्यांचे ठसे जुळत नाहीत, त्यांच्या धान्याची पर्यायी व्यवस्था तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेमार्फत करून घ्यावी.

कुटुंबीयांनी मऊ वरण-भात, डाळ घालून शिजवलेली पालेभाजी, शेंगदाण्याचे कूट, दही किंवा चालत असल्यास उकडलेले अंडे, असे अन्न थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. यासाठी खर्च फारसा येत नाही. वृद्ध माणूस काय जेवला याची घरात रोज चौकशी झाली, तर यातील बरेचसे कुपोषण वेळीच ध्यानात येईल.