लावणीची चाल : देश, कोकण आणि काशी

लावणीचा अभ्यास आपल्याकडे बव्हंशी छापील संहितेच्या आधारे झाला आहे. रामजोशी (१७६२–१८१२), होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या रचना संपादकांनी कष्टाने मिळविल्या, पाठभेद नोंदविले. चालीचा विचार मात्र मथळ्यापलीकडे फारसा गेला नाही. त्यामुळे लावणी म्हणजे अष्टमात्रक आवर्तनाची शृंगारिक कविता, एवढीच तिची ओळख वाङ्मयेतिहासात स्थिरावली. ही ओळख अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

लोकसंगीताच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५४ साली साओ पाउलो येथे स्वीकारलेल्या व्याख्येत सातत्य, परिवर्तन आणि समूहाने केलेली निवड ही लोकसंगीताची तीन अंगे मानली आहेत. आयर्लंडमध्ये डॉनेगलच्या फिडलवादनावर स्कॉटलंडच्या नृत्यधुनांची छाया दिसते, तर दक्षिणेकडील केरी परगण्यात पोल्का आणि स्लाइड यांचा भर असतो. सुरावटी टिपलेल्या असल्यानेच तेथे हा भेद दाखविता येतो. आपल्याकडे अशा विचाराला कलगी-तुऱ्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला. वाद एकच, पण तो ज्या चालींत रंगतो त्या प्रदेशागणिक निराळ्या. देशावर त्याला तमाशाच्या फडाचे अंग मिळाले. ढोलकी, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने शाहीर वरच्या पट्टीत गातो, झीलकरी ध्रुपद उचलून धरतात. होनाजी बाळाने ढोलकीच्या जागी तबला आणला, अशी परंपरा सांगतात. पुढे बैठकीच्या लावणीत लय संथ झाली आणि एकाच ओळीवर निरनिराळे भाव दाखविण्याला अवकाश मिळाला. ठुमरी ऐकणाऱ्या कानाला हे अंग परके वाटत नाही. देशातल्या देशातही भेद आहेतच. विरहाच्या लावणीला ‘बालेघाटी’ हे नाव पडले. त्यात बालाघाटच्या डोंगराळ मुलखाची आठवण आहे.

कोकणात, विशेषतः रत्नागिरीकडे, हाच वाद ‘शक्ती-तुरा’ या नावाने जाखडी नाचात येतो. गणपतीच्या दिवसांत मध्ये गायक आणि मृदंग-झांजवाले बसतात, भोवती नाचणाऱ्यांचे रिंगण फिरते. येथे चाल ठरते ती पावलांवरून. ओळ लांबली तर पाऊल अडखळते, म्हणून शब्द आखूड आणि ठेका ठसठशीत. (पायातला चाळ आणि गाण्याची चाल यांचे असे सख्य अन्यत्र क्वचितच दिसते.) मुंबईत स्थायिक झालेल्या कोकणी मंडळींनी हे सामने शहरातील नाट्यगृहांत नेले, तेव्हा चित्रपटगीतांच्या सुरावटीही त्यांत मिसळल्या. याबद्दल शुद्धतावाद्यांनी नाक मुरडले, तरी समूहाने केलेली निवड म्हणतात ती हीच.

आता काशीकडे वळू. उत्तरेत या गानप्रकाराला ख्याल, लावनी किंवा मरेठी म्हणतात. हा ख्याल शास्त्रीय गायनातल्या ख्यालाहून वेगळा. तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर यांच्या गानसंवादावर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी तिकडची आख्यायिका आहे. फडाच्या जागी आखाडा आला, सामन्याच्या जागी दंगल. ढोलकी गेली आणि चंग हे डफासारखे वाद्य आले. विशेष म्हणजे बनारसच्या मातीत रुजूनही या लावणीने भोजपुरी स्वीकारली नाही. तिची भाषा उर्दूमिश्रित खडी बोलीच राहिली. शेजारच्या कजरीचेही आखाडे आहेत, तीही मिर्झापूर आणि बनारस येथे निरनिराळ्या ढंगांनी गाइली जाते. पण कजरी लोकबोलीची, लावनी वादाची. काशीचे भारतेंदु हरिश्चंद्र (१८५०–१८८५) आणि कानपूरचे प्रतापनारायण मिश्र यांनी लावन्या लिहिल्या, तेव्हा हा प्रकार आखाड्यातून साहित्यात आला.

तिथे चालीला ‘रंगत’ म्हणतात. खडी रंगत, लंगडी रंगत, छोटी रंगत अशी तिची नावे आहेत. मराठीत ‘चाल’ म्हटले की स्वर आठवतो. ‘रंगत’ ओळखली जाते ती ओळीच्या मापावरून आणि टेक कुठे पडते त्यावरून. नाच नसल्याने ओळ लांब चालते, श्रोत्याचे लक्ष तर्काकडे राहते. तरीही कडव्याला ‘चौक’ हा शब्द दोन्हीकडे समानच आहे.

दक्षिणेत तंजावरच्या मराठी राज्यातून (१८५५ पर्यंत) लावणी तमिळ भाषेतही गेली. कामदहनाच्या उत्सवात तिथे दोन पक्ष भांडतात : मदन जळाला आणि मदन जळालाच नाही. पक्ष तेवढे बदलले, भांडण राहिले.

म्हणून लावणीचे एकत्व सुरावटीत शोधू नये. प्रवासात टिकले ते सवाल-जवाबाचे बंधन, चौकाची बांधणी आणि झीलकऱ्यांनी उचलायची ओळ. सूर मात्र त्या त्या ठिकाणी नाचाने, वाद्याने आणि भाषेने घडविला. काशीच्या आखाड्यातल्या गायकाला मराठीचा एक शब्दही कळण्याचे कारण नाही. तरी आपल्या गाण्याला तो मरेठी म्हणतो.