डावा हात

रत्नागिरी,
रमजानचा दुसरा जुमा

लाडक्या सना,


काल तुझ्या खालाचा फोन आला. तुमच्या स्काउट-गाइडच्या मुलींनी मोहल्ल्यात रमजानच्या पिशव्या वाटल्या, त्याचे फोटो ग्रुपवर फिरतायत, आणि एका फोटोत गल्लीच्या टोकाच्या बीबी पिशवी घेताना स्पष्ट ओळखू येतात. खाला कौतुकानं सांगत होती. मी मात्र असरच्या नमाजात दोनदा रकात विसरले. तो फोटो तू काढलास का? आधी एवढंच कळव.

चिपळूणचा पूर विसरलीस? 22 जुलै 2021, बकरी ईदचा दुसरा दिवस. वाशिष्ठीचं पाणी तुमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढलं. कुर्बानीचं मटण, तुझं दप्तर, गाद्या, सगळं चिखलात. मग बाहेरगावची माणसं मदत घेऊन आली. मनापासून आली होती, अल्लाह त्यांचं भलं करो. पण तुझ्या अम्मीनं हात पुढे केला आणि समोरच्यानं मोबाइल उचलला. जिच्या घरून दर ईदला अख्ख्या आळीत शीरखुर्मा जायचा, तिनं ओढणी तोंडावर ओढली. तू दहा वर्षांची, तिच्यामागे लपलीस. त्या मदतीतले तांदूळ कधीच संपले. फोटो अजून कुणाकडे तरी असेल.

आणि आता बीबी.

तुला गाइडमध्ये घालायला तुझ्या अब्बांशी मीच भांडले. मुली रात्री तंबूत राहणार म्हटल्यावर जमातीत कुजबुज झाली होती. मी म्हटलं, पोर नमाज वेळेवर पढेल, डोकं झाकेल, शिवाय जखम बांधायला, चूल पेटवायला, रीफ नॉट मारायला शिकेल. गाइडच्या वचनात ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणायची मुभा आहे, तेही पुस्तक उघडून दाखवलं. दीन शेजाऱ्याचा हक्क सांगतो, गाइड रोजचं एक सत्कृत्य. मला त्यात कधी दोन वाटा दिसल्या नाहीत. गाइड हस्तांदोलन डाव्या हातानं करते ना? सदका देताना तुझी पणजी बजावायची, उजव्याचं डाव्याला कळू देऊ नका. मी माझ्या गाइडच्या मुलींना ह्या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी शिकवायचे.

पण हे शहाणपण मला आधी नव्हतं. 1978 साली मी आठवीत होते. खरी कमाईच्या आठवड्यात आमच्या टोळीनं लोकांकडे भांडी घासून, नारळ सोलून 45 रुपये जमवले. त्यातून तांदूळ घेऊन वर्गातल्याच एका मुलीकडे गेलो. तिचे वडील खाडीत बुडाले होते. सोमवारी प्रार्थनेनंतर बाई म्हणाल्या, काय सेवा केलीस ते सांग. मी तिच्या नावासकट सांगितलं. टाळ्या पडल्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही, पुन्हा कधीच नाही. माझ्याकडे कॅमेरा नव्हता, सना, जीभ होती. पुढे 28 वर्षं मी गाइड कॅप्टन होते. तिचं घर शोधून एकदा जायला हवं होतं. गेले नाही.

खूप बोलले का गं? खालानं आणखीही सांगितलं. चार रात्री तरावीहनंतर बसून तू पिशव्या भरल्यास, आणि ज्या आजीला साखर चालत नाही तिच्या पिशवीत साखरेच्या जागी डाळ घातलीस. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. ऐकून डोळे भरून आले माझे.

फोटो तुझा नसेल तर ही सगळी बोलणी माझ्याकडे परत. असेल तर आजच पुसून टाक, ग्रुपवरच्यांनाही पुसायला सांग. आणि बीबींकडे जा. पिशवीचा विषय काढू नकोस. पाणी भरून दे, इफ्तारला त्यांच्याजवळ बस.

तृतीय सोपानच्या परीक्षेसाठी माझी पितळी शिट्टी पाठवतेय. चिंचेनं घासून लख्ख केलीय, वाजव एकदा. ईदला ये. आणि सहरीला नुसता चहा पिऊन रोजा धरू नकोस, ताक घेत जा. दिवसभर उन्हात हिंडतेस.

तुझी,
फुफी