खोका उघडा

मोठ्या वयात खेळणी जमवणारे माझ्या ओळखीत आता बरेच आहेत. कुणी बँकेत, कुणी आयटीत, एक जण पालघरच्या शाळेत शिकवतो. नव्याने सुरुवात करणारा कुणी आला की त्याचे प्रश्न ठरलेले असतात : "दादा, काय घेऊ म्हणजे पुढे भाव येईल? आणि खोका उघडायचा नाही ना?" हा 'न उघडण्याचा' नियम मीही वर्षानुवर्षं पाळला. आमच्या घरात त्याचं काय झालं, ते आधी सांगतो.

आमचं घर वसईला, तळमजल्यावर. स्टार वॉर्सची पात्रं, जपानी अॅनिमेच्या फिगर्स, सुपरहिरो, सगळं सीलबंद माळ्यावर ठेवलेलं होतं. एका जोराच्या पावसाळ्यानंतर खोके खाली काढले. पुठ्ठा फुगला होता, कडांचा डिंक सुटला होता, छापील कागद कसरीने जागोजागी खाल्ला होता आणि आतल्या पारदर्शक प्लास्टिकवर बुरशीचे ठिपके होते. तरी पुठ्ठ्याचं दुःख मी गिळलं असतं. पण फिगर हातात घेतली तर ती चिकट! बोट लावलं की ठसा उमटायचा. आत धूळ गेली नव्हती, कुणी हात लावला नव्हता, ऊन लागलं नव्हतं. मग हे झालं कसं?

उत्तर प्लास्टिकमध्येच आहे. बहुतेक फिगर्स पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं मिसळतात. उष्णतेने ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. फिगर उघड्यावर असेल तर ती थोडीफार उडून जातात. सीलबंद प्लास्टिकच्या कवचात त्यांना जायला वाटच नसते, म्हणून ती फिगरवरच साचतात. म्हणजे ज्या कवचाने जपणूक होईल असं आपण मानतो, तेच आपल्या हवेत खेळण्याचा घात करतं. खोका न उघडण्याची रीत आली ती अमेरिकेतून, तिथल्या कोरड्या घरांतून. वसई, रत्नागिरी, पणजी इथल्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेचा त्या रीतीत विचारच नाही.

चिकट झालेली फिगर वाचवता येते. कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ टूथब्रश; मग स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. रंगवलेल्या भागांवर जोर देऊ नका. नेलपॉलिश काढायचं द्रव्य किंवा थिनर जवळही आणू नका, रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळतं. एवढं करूनही चिकटपणा परत येऊ शकतो, म्हणून फिगर हवेशीर कपाटात उघडी ठेवायची आणि अधूनमधून धुवायची. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पायातून वाकलेली फिगर गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) थोडा वेळ धरली की नरम होते. ती सरळ करून लगेच थंड पाण्यात बुडवायची.

लेगोच्या ठोकळ्यांची गोष्ट वेगळी. ते एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि हे प्लास्टिक फार टिकाऊ. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने आजच्या जोडणीच्या ठोकळ्याचं पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी नोंदवलं, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्याला बसतो. माणसाने बनवलेल्या किती वस्तूंबद्दल असं म्हणता येईल? पण यांचेही दोन शत्रू आहेत. एक ऊन. पांढरे, फिके राखाडी आणि निळे तुकडे उन्हात पिवळट पडतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून ते उजळवणारे लोक आहेत, पण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. त्यापेक्षा पश्चिमेच्या खिडकीसमोर सेट मांडू नये, हे सोपं. दुसरा शत्रू रंगातच दडलेला आहे. काही वर्षांतले तपकिरी आणि गडद लाल तुकडे इतके ठिसूळ निघाले की जुना सेट सोडवताना हातातच तुटतात. असा सेट घाईने सोडवू नका. आणि सीलबंद सेट विकत घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं की आतले तुकडे धड आहेत की नाहीत, ते खोक्यावरून कळत नाही.

आता भावाचं बोलू, कारण तोच प्रश्न वारंवार येतो. लेगोने २००८ मध्ये ताजमहालाचा सेट काढला, ५,९२२ तुकड्यांचा. पुढे तो बंद झाला आणि सीलबंद खोक्याला मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येऊ लागला. मग २०१७ मध्ये कंपनीने तोच ताजमहाल पुन्हा बाजारात आणला, ५,९२३ तुकड्यांचा. ज्यांनी गुंतवणूक म्हणून जुना खोका जपला होता, त्यांच्या खोक्याचा भाव पडला. ज्यांनी तो आवडीने बांधला होता, त्यांचं काहीच बिघडलं नाही. त्याच वर्षी स्टार वॉर्समधल्या मिलेनियम फाल्कन या यानाचा ७,५४१ तुकड्यांचा नवा सेट आला आणि २००७ च्या ५,१९५ तुकड्यांच्या जुन्या सेटचीही मिजास उतरली. साचा कंपनीकडे असतो, आपल्याकडे नव्हे. फंकोच्या मोठ्या डोक्यांच्या बाहुल्यांची हौस जोरात असताना त्या कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केलं की गोदामात पडलेला ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल नष्ट करायचा आहे. जो माल ठेवणं बनवणाऱ्यालाच परवडत नाही, त्यासाठी आपण कर्ज काढायचं?

दुर्मिळता येते कुठून, याचा मी बराच विचार केला आहे. १९७७ मध्ये स्टार वॉर्स चित्रपट आला तेव्हा केनर कंपनीची खेळणी तयारच नव्हती. नाताळात मुलांना बाहुल्यांऐवजी एक पाकीट विकलं गेलं आणि बाहुल्या १९७८ मध्ये टपालाने घरी आल्या. मुलं त्यांच्याशी खेळली, त्यांच्या छोट्या बंदुका हरवल्या, हात तुटले, म्हणून धड राहिलेल्या आज महाग आहेत. आपल्याकडचं उदाहरण फनस्कूलचं. गोव्यात कारखाना असलेल्या या कंपनीने इथल्या मुलांसाठी जी. आय. जोचे सैनिक बनवले, त्यातल्या काहींचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा वेगळे होते. आज अमेरिकेतले संग्राहक ते शोधत असतात. ते इथल्या अंगणात, वाळूच्या ढिगाऱ्यात झिजले म्हणून उरले थोडे. उलट नव्वदच्या दशकातली बीनी बेबीज नावाची कापडी जनावरं लोकांनी भाव येईल म्हणून लाखोंनी जपली, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे बहुतेकांना आज भाव नाही. जी वस्तू हजारो लोक एकाच वेळी सीलबंद ठेवतात, ती दुर्मिळ व्हायची नाही.

बंद खोक्याचा खरा जुगार म्हणजे ब्लाइंड बॉक्स. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराचं लाबुबू नावाचं बाहुलं आपल्याकडेही बॅगांना लटकलं आहे. त्याच्या बऱ्याच मालिकांत 'सीक्रेट' बाहुली निघण्याची शक्यता ७२ मध्ये एक असते. आत कोणती बाहुली आहे ते उघडेपर्यंत कळत नाही, आणि पुन्हा एक घ्यावंसं वाटावं अशीच ती रचना आहे. कॉलेजातल्या मुलामुलींना मी कळकळीने सांगतो : हवी ती बाहुली कुणीतरी उघडून विकायला काढलेली असते, तीच घ्या. हातखर्चाचे पैसे शक्यतेवर लावू नका.

नकली मालाची काळजी तर घ्यावीच लागते. लेगोची नक्कल करणाऱ्या लेपिनवर शांघाय पोलिसांनी २०१९ मध्ये धाड घातली, पण नकला थांबलेल्या नाहीत. मला एकदा एका विक्रेत्याकडून सुरेख छपाईचा सीलबंद खोका मिळाला आणि आतला माल नकली निघाला. सील असल्यामुळे तपासायची सोयच नव्हती. उघडलेला सेट मात्र तपासता येतो. खऱ्या ठोकळ्याच्या प्रत्येक गुंडीवर कंपनीचं नाव उठावात असतं. फिगरमध्ये डोळ्यांची रेघ, केसांचे सांधे आणि तळाचा ठसा पाहा. विक्रेत्याकडून वस्तूचा फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. टाळाटाळ केली की व्यवहार तिथेच सोडा.

परदेशातून मागवताना जकातीचा हिशेब आधी करा. खेळण्यांवरची मूळ जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली, २०२३ मध्ये ७०. आजचा दर तपासा, त्यावर जीएसटी आणि कुरिअरचा आकार धरा, मगच ऑर्डर द्या. न्यू जर्सीचा आतेभाऊ किंवा दुबईची मावसबहीण येणार असेल तर त्यांच्या बॅगेतली जागा खोक्यातल्या हवेने भरू नका. पिशव्या आणि सूचनापुस्तिका काढून घ्यायला सांगा, खोका तिथेच राहू द्या. आणलेलं सामान त्यांनी विमानतळावर लपवावं, असा आग्रह मात्र कधीही धरू नका.

पावसाळ्याआधी मी काय करतो तेही लिहितो. मे महिन्यात सगळं एकदा खाली काढायचं, धुवायचं, पूर्ण वाळवायचं. मांडणी बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायची, कारण ओल तिथूनच येते. बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरायच्या. डांबराच्या गोळ्या कपड्यांत ठेवतात तशा इथे ठेवायच्या नाहीत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. लेगोचे सोडवलेले सेट झिपच्या पिशव्यांत, प्रत्येकीवर सेटचा क्रमांक. आणि एक वही करावी. वस्तू, खरेदीची तारीख, दिलेली किंमत, कुठे ठेवली आहे, आणि आपल्यामागे ती कुणाला द्यायची. माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदींपुढे भाचीचं नाव आहे, आणि त्यातलं बरंचसं ती आताच खेळायला घेऊन जाते.