जुनी लाइन आज तोडू नकोस

घाटकोपर (पूर्व)

चि. मनू,


मीटिंग चालू असताना नेट गेलं, केबलवाला फोन उचलेना, म्हणून आजच कनेक्शन बंद करते म्हणतेस. कंपनी जरूर बदल. पण नवी लाइन लागून आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी राहू दे. महिन्याचे पैसे दोन्हीकडे गेले तरी चालतील, घरून काम करणाऱ्या मुलीला नेटशिवाय चार दिवस काढणं परवडत नाही.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे. घरच्या ब्रॉडबँडला तसं काही नाही. पूर्वी एमटीएनएलचं ट्रायबँड टेलिफोनच्याच तारेवरून यायचं, त्यामुळे फोन असला की निम्मं काम झालेलं असायचं. फायबरचं तसं नाही. नवी कंपनी म्हणजे नवी वायर आणि बहुधा नवा राउटरही. ‘बोरिवलीत आमची सेवा आहे’ असं फोनवर सांगतात, ते बोरिवलीपुरतं खरं. तुमच्या विंगच्या डक्टमधून वायर चढेल का, गच्चीवर डबा लावायला सोसायटीची परवानगी आहे का, हे सेक्रेटरींनाच विचार. आणि वरच्या-खालच्या मजल्यांवर चौकशी कर : जोराच्या पावसात नेट टिकतं का, तक्रार केल्यावर माणूस किती वेळात येतो? जाहिरातीतल्या स्पीडपेक्षा मला हे उत्तर जास्त मोलाचं वाटतं. कित्येकदा दोन्ही कंपन्यांची कामं एकच केबलवाला बघतो, तेही विचारून घे.

त्याआधी दोष कुठे आहे ते बघ. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून सिग्नलच येत नाही, ते काम कंपनीचं. दिवे ठीक असून फक्त आतल्या खोलीत नेट रडत असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून बघ. केबलवर स्पीड पूर्ण मिळाला तर दोष वायफायचा. राउटर हॉलच्या कपाटामागून उचलून मोकळ्या जागी ठेव. कंपनी बदलून तो दोष जाणार नाही. फाइल उतरवताना आकडा लहान दिसला म्हणून घाबरू नकोस, १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच.

वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. दर स्वस्त पडतो खरा, पण कटकट सुरू झाली की पाय अडकतो. सुरुवातीला महिन्याचाच प्लॅन घे, आणि सांगितलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का ते विचार.

जुनं बंद करताना नुसता फोन पुरत नाही, ईमेल कर. राउटर, ॲडॉप्टर परत दिलेस की पावती घे, डिपॉझिट त्यावरच मागता येतं. तक्रारीचा नंबर लिहून ठेव. कंपनीने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं.

नव्या राउटरला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दे. आईचा टीव्ही, बाबांचा फोन आपोआप जोडले जातील.

तुझी,
आत्या