घरातील हवेच्या दोन वाटा

हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांतून मातीच्या जाड भिंतींची धाब्याची घरे अद्यापि दृष्टीस पडतात. अशा घराच्या छतास ठेवलेले साणे केवळ उजेडासाठी असते, असा मुलांचा समज असतो. वस्तुतः त्याचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे होय. चुलीवर तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, धुरास सोबत घेऊन साण्यावाटे बाहेर पडते आणि तिची जागा दारातून येणारी थंड हवा घेते. पक्के छत घालताना हे साणे बुजले व त्याऐवजी उंचावर झरोका ठेवला नाही, तर चुलीचा धूर घरातच कोंडतो.

हे तत्त्व मुलांना प्रयोगाने पटवावे. ताटलीत मेणबत्ती पेटवून तिच्यावर कंदिलाची काच ठेवावी आणि काचेचा तळ ओल्या मातीने बुजवावा. वरचे तोंड उघडे असूनही ज्योत मंदावते व बहुधा विझते. नंतर माती काढून काच दोन खडूंवर टेकवावी. आता ज्योत स्थिर जळते. तळाशी उदबत्ती धरल्यास तिचा धूर आत ओढला जाऊन वरून निघताना दिसतो. शेवटी वरच्या तोंडावर पत्र्याचे झाकण ठेवावे. ज्योत पुन्हा विझते. काच तापत असल्याने हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा. हवेला खाली येण्याची व वर जाण्याची, अशा दोन्ही वाटा हव्यात, हा निष्कर्ष मात्र मुलांकडूनच काढून घ्यावा.

या पाठाचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असल्याने थेट फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. घरातील धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लक्ष माणसे दगावली व त्यांत पाच वर्षांखालील 2 लक्ष 37 हजारांहून अधिक बालके होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्वयंपाक करणारी माता आणि तिच्याजवळ बसणारे मूल यांनाच हा धूर सर्वाधिक बाधतो.

दोन गोष्टींचा खुलासा अवश्य करावा. पहिली अशी, की धूर दिसत नाही म्हणून हवा निर्धोक असतेच असे नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटती ठेवल्यास कार्बन मोनॉक्साईड साचतो. या वायूस रंग नाही व वासही नाही. झोपेतच माणसाचा प्राण जाऊ शकतो. दुसरी अशी, की झरोक्याने धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. खरा उपाय स्वच्छ इंधन हाच होय. 1 मे 2016 रोजी आरंभ झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरी गॅस आला. तथापि गॅसच्या ज्योतीतूनही बाष्प व अपायकारक वायू निघतात, म्हणून तेथेही खिडकी उघडी हवी.

पाठानंतर प्रत्येक मुलाने आपल्या घरातील हवा कोठून येते व कोठून जाते, याचे साधे चित्र काढून आणावे. ज्यांच्या घरी अद्याप चूल आहे, त्यांना कमीपणा वाटेल असा शब्द शिक्षकांच्या तोंडून निघू नये. बुजलेला एखादा झरोका वडीलधाऱ्यांच्या संमतीने मोकळा झाला, तरी पाठ सार्थकी लागला असे समजावे.